संथ डेटाबेस : दोष कोठे शोधावा?

शाखेतील संगणकावर शिल्लक दिसण्यास विलंब होऊ लागला, की दोष बहुधा ‘लाइन’ला दिला जातो. तो तेथे असतोच असे नाही. जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये एक शाखा आहे व तिचे डेटा सेंटर मुंबईस आहे, असे समजू. लोहमार्गाने हे अंतर सुमारे १,००० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाण्यायेण्यास सुमारे १० मिलिसेकंद पुरतात. वाटेतील वळसे व उपकरणे धरली, तरी एका फेरीस साधारणतः काही दशक मिलिसेकंद लागावेत. खिडकीपुढील निवृत्तिवेतनधारकास वीस सेकंद तिष्ठावे लागत असेल, तर केवळ अंतरास दोष देता येत नाही.

एका वाड्यातील बिऱ्हाडे

आज पुष्कळ डेटाबेस व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे आभासी यंत्रावर चालतात. ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर केली होती. एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे नांदतात; जणू एका वाड्यातील अनेक बिऱ्हाडे. प्रत्येकास आपले घर स्वतंत्र वाटते. पाण्याचा नळ मात्र सामाईक असतो. म्हणून दोषाचा शोध घरात व वाड्यात, दोन्हीकडे घ्यावा लागतो.

प्रथम घरातील तपासणी

डेटाबेस नेमका कशाची वाट पाहत आहे, हे तो स्वतःच नोंदवून ठेवत असतो. ती नोंद आधी वाचावी. योग्य इंडेक्स नसेल, तर एका खात्यासाठी लाखो नोंदी चाळल्या जातात. इंडेक्स असूनही डेटाबेसची आकडेवारी जुनी असेल, तर तो चुकीचा मार्ग निवडतो. एका व्यवहाराने नोंद कुलूपबंद केली असता दुसरा ताटकळतो. हे दोष नवे यंत्र घेऊन दूर होत नाहीत.

मग वाड्यातील

प्रोसेसर : आभासी यंत्राच्या आतून प्रोसेसर मोकळा भासतो, प्रत्यक्षात ते आपल्या पाळीची वाट पाहत असते. हा प्रतीक्षाकाळ यजमान यंत्रावर मोजता येतो. तेथे गर्दी असताना आणखी आभासी प्रोसेसर दिल्यास विलंब घटण्याऐवजी वाढूही शकतो.

मेमरी : डेटाबेस वारंवार लागणारी माहिती मेमरीत राखतो. यजमानाने टंचाईच्या वेळी ती मेमरी काढून घेतली, तर माहिती डिस्कवरून आणावी लागते. डेटाबेससाठी मेमरी राखीव ठेवणे हा त्यावरील उपाय होय.

डिस्क : मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. विखुरलेल्या नोंदी वाचताना ती सेकंदास सुमारे शंभरच वाचने करू शकते. अनेक बिऱ्हाडे त्याच डिस्कवर असतील, तर रांग लागणारच. फ्लॅश स्मृतीवर एक वाचन मिलिसेकंदाच्या अंशात होते. काम झाल्यावरही न काढलेला जुना ‘स्नॅपशॉट’ हेदेखील संथपणाचे नेहमीचे कारण आहे.

वेगाची किंमत

एक उपाय मात्र मोहात पाडणारा आहे. व्यवहार पूर्ण झाल्याचे कळविण्यापूर्वी डेटाबेस त्याची नोंद डिस्कवर पक्की लिहितो. ही अट शिथिल केली, की वेग तत्काळ वाढतो. परंतु त्याच क्षणी वीज गेली, तर ‘रक्कम जमा झाली’ असे ग्राहकास सांगितलेले असूनही नोंद कोठेच उरत नाही. बँकेच्या खतावणीत अशी सवलत अक्षम्य होय. विलंबाबद्दल क्षमा मागता येते. हरवलेल्या नोंदीने विश्वासच उडतो.

ध्यानात ठेवण्याजोगे

काम सुरळीत चालू असताना नेहमीचे आकडे टिपून ठेवावेत. तुलनेस आधार नसेल, तर बिघाडाच्या दिवशीचे आकडे मुके ठरतात. एका वेळी एकच बदल करावा, परिणाम मोजावा आणि उपयोग न झाल्यास तो मागे घ्यावा. शाखेनेही केवळ ‘सिस्टिम स्लो आहे’ असे न कळविता वेळ, व्यवहाराचा प्रकार व लागलेले सेकंद कळवावेत. एवढ्या तीन गोष्टींनी तंत्रज्ञाचा निम्मा शोध वाचतो आणि ग्राहकाचा खोळंबाही.