डिझेलच्या मीटरवर हवेचे पैसे लागतात का?

प्रश्न : नोएडातल्या आमच्या सोसायटीत जनरेटरसाठी डिझेलची गाडी येते. सुरुवातीला नोझल नुसतेच फुरफुरते, पण मीटरचे आकडे मात्र पळत असतात. आम्ही हवेचेही पैसे देतो का?

उत्तर : शंका रास्त आहे. हवा नेमकी कुठे अडकली आहे, यावर उत्तर ठरते.

अशा गाड्यांवर सहसा आकारमान मोजणारा मीटर असतो. त्याच्या आतला कप्पा एकदा भरून रिता झाला की ठरावीक मिलिलिटर पुढे गेल्याची नोंद होते. कप्प्यात डिझेल होते की हवा, हे त्याला कळत नाही. पाणी येण्याआधी नळातल्या हवेने घरचा पाण्याचा मीटर गरगरतो, तसेच हे. म्हणून हवा मीटरपर्यंत पोहोचण्याआधीच काढावी लागते.

ती लांबच्या पाइपलाइनमधून येते, असा अनेकांचा समज आहे. पण मुंबईहून मनमाड, मांगल्या, पियाला करत दिल्लीच्या बिजवासनला पोहोचणारी भारत पेट्रोलियमची वाहिनी इंधनाने भरलेली आणि दाबाखाली असते. तिच्यात बाहेरची हवा शिरणार कशी? ती शिरते शेवटच्या टप्प्यात. गाडीची टाकी तळाला आली की भोवरा होतो आणि पंप डिझेलबरोबर हवाही ओढतो. पंपाच्या ओढणाऱ्या बाजूचा सांधा ढिला असेल, तर पंप चालू असताना तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. त्यामुळे हा दोष चटकन दिसत नाही.

यावर उपाय म्हणून पंप आणि मीटर यांच्यामध्ये एअर एलिमिनेटर बसवतात. ते एक रुंद भांडे असते. त्यात प्रवाह मंदावतो, बुडबुडे वर चढतात आणि हवा माथ्याशी साठते. डिझेलची पातळी उतरली की आतला फ्लोट खाली येतो, झडप उघडते, हवा निघून जाते. पातळी चढली की झडप मिटते. बारीक बुडबुड्यांची मात्र पंचाईत होते. बुडबुड्याचा व्यास निम्मा झाला, तर वर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. त्यात डिझेल पेट्रोलपेक्षा दाट आणि फेसाळणारे. प्रवाह फार जोरात सोडला, तर हे बुडबुडे सुटे होण्याआधीच मीटरमध्ये जातात. टाकी संपत आली असताना तर हवा या भांड्यालाही आवरत नाही. त्या वेळी प्रवाह थांबवणेच योग्य.

आता तुमचे फुरफुरणारे नोझल. ती हवा बहुधा मीटरच्या पुढच्या नळीतली असते, म्हणजे ती मोजली गेलेली नसते. तरीही तुमचे नुकसान होतेच! रिकामी नळी भरायला लागलेले डिझेल मीटरने मोजलेले असते आणि ते नळीतच राहते. एक इंची नळीत दर मीटरला सुमारे अर्धा लिटर मावते. 30 मीटरच्या नळीत 15 लिटर. म्हणून नळी आधीही भरलेली हवी आणि नंतरही.

फुरफुर दिसली, तर पहिले डिझेल गाडीच्याच टाकीत परत सोडायला लावा, धार एकसंध झाली की मीटर शून्यावर आणून मगच भरणे सुरू करा. मीटरवर वैध मापन खात्याचे सील आहे ना, हेही पाहा. पेट्रोल पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. गाडीवाल्यालाही असे माप भरून दाखवायला सांगा, आणि तेही धार स्थिर झाल्यावर.