तुरीवरील निळें पाखरूं

कार्तिकाच्या सुमारास तूर फुलावर आली म्हणजे तिजवर लहान निळीं पाखरें भिरभिरतांना दिसतात. पुष्कळ शेतकरी बंधु त्यांस शोभेचीं समजून सोडून देतात, व पुढें शेंगेस भोंक दिसतांच सर्व दोष घाटेअळीवर ठेवितात. म्हणून या पाखराची ओळख आम्ही येथें करून देत आहों.

शास्त्रांत यास ‘लँपिडीस बोईटिकस’ म्हणतात. पैकीं ‘बोईटिकस’ हें नांव लिनियसनें १७६७ सालीं दिलें. पंख पसरले असतां रुंदी सुमारें सव्वा इंच भरते. नर वरून जांभळट निळा असतो. मादी तपकिरी असून तिच्या पंखांच्या मध्यभागीं थोडी निळाई असते. पंख मिटले म्हणजे करड्या रंगावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात. मागील पंखास केसासारखें शेपूट व त्याजवळ दोन काळे ठिपके असतात. शत्रूस तेंच डोकें वाटतें, तो तेथें झडप घालतो, आणि पाखरूं पंखाच्या तुकड्यावर निभावतें.

मादी कळीवर एकेक सुटें अंडें घालते. अळी कळींत शिरून फूल खाते व पुढें शेंगेंतील कोवळे दाणे फस्त करते. ती हिरवट, आंखूड व चपटी असून तिचें डोकें अंगाखालीं झांकलेलें असतें. तिच्या पाठीवर शेपटाकडे एक ग्रंथि असते. तींतील गोड रसासाठीं मुंग्या तिच्याभोंवतीं फिरतात, व त्यामुळें तिचें शत्रूंपासून रक्षण होतें. तूर, वाल, चवळी, वाटाणा व ताग या सर्वांवर ती पोसते.

घाटेअळी लांबट असून बहुधा अर्धें अंग बाहेर ठेवून दाणे खाते. पिसारी पतंगाच्या अळीस केस असतात. शेंगमाशीची अळी तर आंतच वाढते. बाहेरून शेंग बराच काळ निर्दोष दिसते.

यास्तव औषध फवारण्यापूर्वी बांधावरून न पाहतां शेतांत चार-पांच ठिकाणीं जावें, कळ्या व शेंगा उकलून पाहाव्या, मुंग्यांची वर्दळ कोठें आहे तें पाहावें. कळींत दडलेल्या अळीपर्यंत औषध नीट पोहोंचत नाहीं; उलट अळ्यांच्या अंगांत अंडीं घालणाऱ्या उपकारक गांधिलमाश्या व तुरीच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मात्र उघड्यावर मरतात. एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या नांवें मांडल्यानें पैसा जातो, आणि पीकही राखलें जात नाहीं.