पाहणाऱ्याचा वाटा

दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात आणि पुण्याच्या पेठांतून त्यांच्या स्पर्धा भरतात, हे कोणास सांगावयास नको. परंतु अशा स्पर्धांचा परीक्षक म्हणून वाड्यांतून आणि सोसायट्यांच्या आवारांतून हिंडताना, आपला माल लोकांपुढे कसा मांडावा याविषयी जे शिक्षण माझ्यासारख्या उटणे-उदबत्तीच्या दुकानदारास मिळाले, ते नव्याने व्यवसायात पडणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, अशा विश्वासाने हे लिहीत आहे.

एके वर्षी बक्षिसांचा खर्च उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याने अट घातली की, प्रत्येक किल्ल्यापुढे आपल्या पेढीचा फलक दर्शनी भागी असावा, आणि संयोजकांनी ती बिनतक्रार मान्य केली. एका आवारात मुलांनी राजगड केला होता. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या बालेकिल्ल्यापासून रेखीव फुटलेल्या, आणि संजीवनीची दुहेरी चिलखती तटबंदी तर ओल्या मातीत बोटांनी उठवून दोन्ही तटांमधली अरुंद वाटसुद्धा मोकळी राखलेली. नेमका त्याच माचीपुढे फलक उभा राहिला. लोक माना वाकड्या करून त्याच्या मागे डोकावत आणि पेढीचे नाव घेत ते वैतागाने. पदरचे द्रव्य खर्चून दुर्लौकिक विकत घ्यावा, तो असा! त्याच गृहस्थांनी मुलांना विटा, गोणपाट आणि तांबडी माती पुरविण्याची तजवीज केली असती, तर किल्ला कसा केला हे सांगताना प्रत्येक मुलाने त्यांचे नाव आपण होऊन घेतले असते.

किल्ल्याची खरी प्रसिद्धी तो पुरा होण्याच्या कितीतरी आधी सुरू होते, हे माझ्या मते यातले सर्वांत मोलाचे. दगडविटांच्या ढिगावर चिखलात भिजवलेले गोणपाट पसरले की जाणारायेणारा थबकून विचारतो, "यंदा कोणता गड रे?" तेवढ्या प्रश्नाने त्या कामात त्याचा वाटा निर्माण होतो, पेरलेले अळीव उगवले की नाही हे पाहावयास तो पुन्हा येतो, आणि कुंभारवाड्यातून आणलेला मावळा दरवाज्याकडे पाठ करून पहाऱ्यास उभा केलेला दिसला तर तसे सांगतोही. हे ध्यानी आल्यापासून मी उटण्याच्या तयार पुड्या मागे ठेवून नागरमोथा, वाळा, गव्हला-कचोरा, आंबेहळद अशी द्रव्ये निरनिराळ्या परातींत पुढे मांडू लागलो. गिऱ्हाईक चिमूटभर हातावर घेऊन हुंगते, वाळा थोडा अधिक घाला म्हणते, आणि त्याच्यादेखत कालवलेले उटणे घेऊन जाते. त्यास भावाची घासाघीस करावीशी वाटत नाही.

पाठ केलेल्या भाषणाविषयीही सावध राहावे. सनावळ्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलांपुढे माणसे फार वेळ उभी राहत नाहीत. याउलट सिंहगड करणाऱ्या एका मुलीस एका वृद्ध गृहस्थांनी कल्याण दरवाज्याविषयी विचारले, तेव्हा तिने उत्तर थोडक्यात देऊन, "आजोबा, तुम्ही त्या बाजूने चढला आहात का?" असे विचारले; आणि मग ते बराच वेळ बोलत राहिले, ती मन लावून ऐकत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी ते आपल्या स्नेहीमंडळींस घेऊन आले. दुकानात माणूस नेमावयाचा असेल, तर त्यास मालाची माहिती किती आहे हे पाहण्याआधी त्यास असा एखादा प्रश्न विचारता येतो की नाही, हे अवश्य पाहावे. मालाची माहिती पंधरवड्यात शिकविता येते.