नव्याजुन्याची पारख

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी सातारा आणि कऱ्हाड ही स्थानके मागे टाकून कृष्णाकाठच्या काळ्या रानातून धावू लागली, की काही वेळाने किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. पूर्वी या स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते. त्या काळी हा मुलूख औंध संस्थानात मोडत असे. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी इ. स. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना येथील माळरान दिले, भांडवलासाठी कर्जही दिले. आणि निवडुंगांनी व सापांनी भरलेल्या त्या ओसाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला.

लक्ष्मणरावांनी आपले पहिले नांगर त्यापूर्वीच बेळगाव येथे तयार केले होते. परंतु ते खपेनात. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होईल, अशी समजूत लोकांत पसरली होती. त्या नांगरांना गिऱ्हाईक मिळावयास सुमारे दोन वर्षे लागली.

आज त्या समजुतीचे आपणांस हसू येते. पण मुलांनो, हसण्यापूर्वी त्या शेतकऱ्याच्या जागी क्षणभर उभे राहून पाहा. लाकडी नांगर गावचा सुतार करून देत असे व मोडला तर तोच दुरुस्त करीत असे. लोखंडी नांगर विकत घ्यावयाचा, तर पैसा हवा. तो मोडला तर दुरुस्त कोण करणार? आपल्या बैलांना तो ओढवेल काय? आणि एवढे करून पीक वाढेल काय? जमीन विषारी होण्याची भीती खोटी होती. पण हे बाकीचे प्रश्न मात्र शहाण्या माणसाचे होते. पुढे खोल नांगरट होऊन हराळीच्या मुळ्या उपटून निघू लागल्या, तेव्हा लोखंडी नांगराची योग्यता लोकांना पटली. खोटी भीती टाकून द्यावयाची आणि खरे प्रश्न मात्र विचारावयाचे, हे त्या वेळी जितके आवश्यक होते तितकेच ते आजही आहे. फरक इतकाच, की आज तो प्रश्न संगणकासंबंधी आपल्यापुढे उभा राहतो.

संगणकाची यंत्रसामग्री आपल्या डोळ्यांना दिसते. परंतु तिच्याकडून काम करवून घेणारी व्यवस्था दिसत नाही. तिला ऑपरेटिंग सिस्टिम किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. मोठ्या वाड्यात जसा एक कारभारी असतो, तशीच ही कार्यप्रणाली होय. कोठाराची किल्ली त्याच्याजवळ, कोणत्या गड्याने कोणते काम करावयाचे ते तोच सांगणार आणि दारात आलेल्या माणसाला आत घ्यावे की नाही, हेही तोच ठरविणार! तुम्ही कळफलकावर 'क' हे अक्षर दाबता, ते पडद्यावर उमटते, स्मृतीत साठविले जाते आणि कागदावर छापले जाते. ही सारी कामे कार्यप्रणालीच्या देखरेखीखाली होतात.

हा कारभारी अधूनमधून बदलावा लागतो. विंडोज १० ही कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्ट कंपनीने इ. स. २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. इ. स. २०२१ मध्ये तिच्यापुढची विंडोज ११ निघाली. पुढे दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबला. काही अटींवर मुदतवाढीची सोय ठेवण्यात आली. पण मुदतवाढ म्हणजे विचारासाठी मिळालेली सवड, तो काही निर्णय नव्हे.

आधार थांबला म्हणजे काय झाले? संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडला असे नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो आणि पूर्वीचीच कामे करतो. परंतु शेताच्या कुंपणाला जशी वेळोवेळी भगदाडे पडतात, तसे कार्यप्रणालीतही नवनवे दोष उघडकीस येतात. आधार असतो तोवर कंपनी ती भगदाडे बुजवीत असते. आधार संपल्यावर भगदाड तसेच राहते, आणि चोराला ते ठाऊक होते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या एका घातक कार्यक्रमाने विंडोजमधील अशाच एका दोषातून जगभर शिरकाव केला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. लोकांची कागदपत्रे कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांना तर रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. विशेष असे, की आधार चालू असलेल्या प्रणालींसाठी या दोषावरील दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्च २०१७ मध्ये देण्यात आली होती. ज्यांनी ती वेळेवर बसविली, त्यांचे कुंपण शाबूत राहिले.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, "मग विचार कसला? सर्वांनी आजच नवी प्रणाली घ्यावी!" पण थांबा. विंडोज ११ बसविण्यासाठी संगणकाजवळ काही गुण असावे लागतात. निदान चार जीबी स्मृती हवी, चौसष्ट जीबी साठवण हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर मान्य यादीतील हवा. इ. स. २०१७ पूर्वी तयार झालेले बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे विंडोज १० असलेल्या योग्य संगणकाला नवी प्रणाली विनामूल्य मिळत असली, तरी अयोग्य ठरलेल्या संगणकाच्या बाबतीत 'विनामूल्य' या शब्दाचा अर्थ 'नवा संगणक विकत घ्या' असा होतो!

आता एक उदाहरण घेऊ. समजा, कृष्णाकाठच्या एका गावातील शाळेत दहा संगणक आहेत. चार अलीकडचे आहेत आणि सहा बरेच जुने आहेत. मुले त्यांवर मराठी निबंध टंकलिखित करतात, गणिताचे तक्ते मांडतात आणि इंटरनेटवरून माहिती शोधतात. एका जुन्या संगणकावर गेल्या कित्येक वर्षांचे निकालपत्रक आहे. शाळेच्या पेटीत थोडा निधी आहे. तो सहा नव्या संगणकांवर खर्च केला, तर यंदा ग्रंथालयासाठी एकही पुस्तक घेता येणार नाही. येथे निर्णय चुकला, तर एकीकडे पुस्तके जातात, किंवा दुसरीकडे मुलांच्या निकालांची नोंद धोक्यात येते. अशा वेळी मुख्याध्यापकांनी काय करावे?

पहिला प्रश्न असा, की आपले काम कोणते? दुसरा, त्या कामात जुन्या प्रणालीमुळे कोणती अडचण किंवा कोणता धोका आहे? तिसरा, आपल्या यंत्राला नवी प्रणाली पेलेल काय? आणि चौथा, एकूण खर्च किती? या खर्चात केवळ पैसा धरून भागत नाही. जुना छपाई यंत्र चालेल की नाही, निकालपत्रकाचा कार्यक्रम नव्या प्रणालीवर उघडेल की नाही आणि शिक्षकांना नवी रीत शिकावयास किती दिवस लागतील, हेही त्यात मोजावे लागते.

हे प्रश्न विचारले, की एक गोष्ट ध्यानात येते. दहाही संगणकांना एकच उत्तर लागू पडत नाही. जे चार संगणक योग्य आहेत, त्यांवर नवी प्रणाली घेण्यात शहाणपण आहे. खर्च नाही आणि कुंपण मजबूत होते. जुन्या सहांपैकी एकावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसवून पाहता येईल. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने इ. स. १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते. भारतात सी-डॅक या संस्थेने तिच्याच आधाराने 'बॉस' ही प्रणाली तयार केली आहे. केरळ राज्यातील शाळांतूनही अशाच मुक्त प्रणाली वर्षानुवर्षे वापरात आहेत. एका संगणकावर मराठी टंकलेखन, छपाई आणि इंटरनेट नीट चालले, तर मग इतरांचा विचार करावा. निकालपत्रकाचा कार्यक्रम जुन्याच प्रणालीवर चालत असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा व त्यातील माहितीची प्रत अन्यत्र जपावी. आणि कोणत्याही बदलापूर्वी सर्व कागदपत्रांची दुसरी प्रत काढून ठेवावी. पेरणीपूर्वी घरातले सगळे धान्य शेतात फेकून देणारा शेतकरी कोणी पाहिला आहे काय?

"पूर्वीचेच बरे होते" असे म्हणणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट आठवावी. एके काळी संगणकावर मराठी लिहावयाची, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चित्रे बसविलेले निरनिराळे टंक वापरावे लागत. साताऱ्यात लिहिलेले पत्र सांगलीच्या संगणकावर तोच टंक नसेल, तर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन दिसे. पुढे युनिकोड ही सर्व जगाची सामाईक अक्षरव्यवस्था आली. विंडोज २००० या प्रणालीने तिच्या आधारे देवनागरीला स्थान दिले. अशा प्रणालीकडे वळणे ही हौस नव्हती. आपल्या भाषेला संगणकात घर मिळण्याची ती वाट होती.

याउलट, नव्याचा अर्थ नेहमी अधिक मोठे यंत्र असाच होतो, असेही नाही. सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वारणा नदीच्या खोऱ्यात इ. स. १९९८ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक बसवून ऊस उत्पादकांना सहकारी साखर कारखान्याची माहिती देण्याची त्यात योजना होती. सुमारे आठ वर्षांनी अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः उसासंबंधीच्या थोड्याशा नोंदी कळविण्याकडेच होत असल्याचे दिसले. तेव्हा सात गावांत आठ महिने प्रयोग करण्यात आला. संगणकाऐवजी साध्या मोबाइल फोनवरील लघुसंदेशांतून तीच माहिती देण्यात आली. ही पद्धत स्वस्त ठरली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंतही पडली. त्या अभ्यासकांनी "यंत्र कोणते आणावे?" असे प्रथम विचारले नाही, "काम कोणते आहे?" असे विचारले.

मुलांनो, नव्याला नवे म्हणून मिठी मारणारा आणि जुन्याला जुने म्हणून कवटाळणारा, हे दोघेही एकच चूक करतात. दोघेही वस्तूचे वय पाहतात, उपयोग पाहत नाहीत. ज्या शेतकऱ्याने लोखंडी नांगर विनाकारण दूर लोटला, त्याची हराळी तशीच राहिली. ज्याने आपल्या बैलांचे बळ न पाहता तो विकत घेतला, त्याची नांगरट अर्ध्यावर अडली असेल. परंतु ज्याने एक वाफा नांगरून पाहिला, तास किती खोल गेला ते हाताने चाचपले आणि मग निर्णय घेतला, तो खरा जाणता शेतकरी. तुमच्या घरी किंवा शाळेत उद्या असा प्रश्न आला, तर त्या शेतकऱ्याप्रमाणे आधी एक वाफा नांगरून पाहा.

स्वाध्याय

१. लोखंडी नांगराविषयी शेतकऱ्यांची कोणती समजूत खोटी होती? त्याच्याविषयी कोणते प्रश्न योग्य होते?

२. कार्यप्रणालीला वाड्याच्या कारभाऱ्याची उपमा का दिली आहे?

३. 'आधार थांबणे' म्हणजे काय, ते कुंपणाच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.

४. शाळेतील दहाही संगणकांना एकच उत्तर का लागू पडत नाही?

५. तुमच्या घरातील एखादी जुनी वस्तू बदलावी की ठेवावी, हे पाठातील चार प्रश्न विचारून ठरवा व त्याविषयी दहा ओळी लिहा.