मागचा लाल दिवा वारंवार का जातो?



या अंकात खोडव्यातील पाचटाविषयी लिहायचे ठरवले होते. ते पुढच्या अंकात. आज जुन्या जीपगाडीच्या ब्रेक लाइटविषयी लिहितो. शेतकी खात्याच्या माणसाने गाडीच्या दिव्यावर काय लिहावे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या सर्व गटांत जुन्या जीपगाड्या पुष्कळ आहेत आणि गळीत हंगामात त्या रात्री-अपरात्री फडावर नि कारखान्यावर फिरतात. माझ्या हातून झालेली चूक दुसऱ्याच्या हातून होऊ नये, एवढाच हेतू.

माझी जीप वीस वर्षांपुढची आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचे ब्रेक लाइट सारखे जायचे. मी बल्ब बदलायचो, दिवे लागायचे, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बंद. असे चार वेळा झाले. पाचव्या वेळी म्हटले, तोडणीची गडबड संपू दे, मग बघू. डिसेंबरात एका संध्याकाळी फडावरून येत होतो. पुढे बैलगाडी आडवी आली म्हणून ब्रेक दाबला. मागून मोटारसायकलवर आपल्याच एका सभासदाचा मुलगा येत होता, तो गाडीवर आदळला. खांद्याजवळचे हाड मोडले, दोन महिने हात गळ्यात. मी थांबतोय हे त्याला कळायला काही साधनच नव्हते. त्याचे वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. “साहेब, होतं असं कधी कधी,” एवढेच म्हणाले. तेच मला जास्त लागले.

दोष कुठे निघाला?

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. मी काढून टाकलेले चारही बल्ब डिकीत पडून होते. त्याने ते बॅटरीवर लावून पाहिले. चारपैकी तीन बल्ब चांगले! मग ते बदलल्यावर दिवे लागायचे कसे? बल्ब काढता-घालताना होल्डर आणि वायर हलायची, सुटलेला संपर्क तात्पुरता जुळायचा. खड्ड्यातून गाडी गेली की पुन्हा सुटायचा.

दोन्ही मागच्या दिव्यांची अर्थिंगची वायर मागच्या कोपऱ्यात मॅटखाली एका स्क्रूने बॉडीला जोडलेली होती. त्या स्क्रूभोवती पत्रा गंजून पोपडे सुटले होते. कारण? माझ्या गाडीत कायम खताची पोती. त्यातून सांडलेले पोटॅश आणि युरिया मॅटखाली जायचे, पावसाळी हवेत ओल धरायचे. पोटॅशसारखा क्षार ओला झाला की लोखंड फार लवकर खातो. आपल्यापैकी किती जण जीपमधून खत नेतात ते मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

बॅटरीतून निघालेली वीज बल्बमधून जाऊन बॉडीमार्गे परत बॅटरीकडे आली पाहिजे. पाटाचे पाणी जसे पुढे वाट असेल तरच वाहते, तसेच हे. साधारण ब्रेक लाइटचा बल्ब १२ व्होल्ट, २१ वॅटचा असतो; त्याला पावणेदोन अँपिअर वीज लागते. गंजामुळे वाटेत दीड व्होल्ट जरी अडला, तरी उजेड जवळजवळ एक-तृतीयांशाने उतरतो.

लक्षणावरून दोष ओळखावा

१. दोन्ही ब्रेक लाइट एकदम बंद : प्रथम फ्यूज पाहावा, मग ब्रेकचा स्विच, मग सामाईक अर्थिंग.

२. एकच बंद : त्या बाजूचा बल्ब, होल्डर आणि वायर पाहावी. होल्डरमधील पितळी टोके काळी-हिरवी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासावीत.

३. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा वाढण्याऐवजी मंद होतो किंवा साइडचा दिवा उगाच मिणमिणतो : बहुतेक अर्थिंग खराब. माझ्या गाडीत हेच लक्षण होते. मी लक्ष दिले नाही.

४. बल्ब खरोखरच वारंवार उडतो : होल्डर सैल असल्याने हादरे बसतात, काचेत पाणी शिरते, किंवा चार्जिंग जास्त होते. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट असावेत. १५ च्या वर गेले तर चार्जिंगचा रेग्युलेटर तपासून घ्यावा.

५. फ्यूज वारंवार उडतो : वायर कुठेतरी पत्र्याला घासून उघडी पडली आहे. मागच्या दाराचा सांधा आणि चॅसीचे कोपरे पाहावेत. ट्रॉलीसाठी जोड काढला असेल तर तोही पाहावा. फ्यूजच्या जागी जाड तार कधीही घालू नये. त्याने दिवा लागेल, पण वायरिंग जळेल, कदाचित गाडीही.

६. पाय काढला तरी दिवा चालूच : पॅडलजवळचा स्विच अडकला आहे किंवा त्याची जुळणी बिघडली आहे. याने बॅटरी उतरते, होल्डरही वितळतो. शिवाय मागच्याला आपण खरेच केव्हा थांबतो ते कळत नाही.

जुन्या जीपगाड्यांपैकी काहींत ब्रेकचा स्विच पॅडलवर नसून ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. तो कमजोर झाला की जोरात ब्रेक दाबल्यावरच दिवा लागतो. त्याच्याभोवती ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळत आहे असे समजावे. हे काम घरी करू नये. स्विच बदलल्यावर ब्रेकमधील हवा काढावी लागते.

आणखी एक. मागचा आणि ब्रेकचा दिवा एकाच बल्बमध्ये असेल, तर त्यात दोन तारा असतात, २१ आणि ५ वॅटच्या. त्याच्या दोन खिळ्या वर-खाली असतात. जबरदस्तीने उलटा बसवला, तर मागचा दिवाच झगझगीत लागतो आणि ब्रेक दाबलेला मागून समजत नाही.

घरच्या घरी परीक्षा

एक लांब वायर घ्या. एक टोक होल्डरच्या धातूच्या भागाला, दुसरे बॅटरीच्या वजा टोकाला लावा आणि कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख लागला तर दोष अर्थिंगचा. मग ती जागा रंग-गंज काढून चकचकीत होईपर्यंत घासा, नवे थिंबल घालून स्क्रू घट्ट आवळा, आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. मी सहा महिने टाळले.

रोज तपासायला मिस्त्री लागत नाही. संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा आणि आरशात पाहा. दोन्हीकडे लाल उजेड पडला पाहिजे. खत न्यायचे झाल्यास खाली ताडपत्री टाका, आणि परतल्यावर मॅट उचलून झाडून घ्या.

चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी उसावर केवडा येतो, पाने पिवळी पडतात, आणि आपण युरियामागून युरिया टाकत राहतो. तेव्हा मीच तुम्हाला बांधावर उभा राहून सांगतो की बाबांनो, आधी कारण शोधा. गाडीच्या बाबतीत मात्र मी चार वेळा युरियाच टाकत राहिलो.

ताशी ४० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर पुढे येते. मागच्याला तो एक सेकंद मिळावा म्हणून हा लाल दिवा आहे. येत्या हंगामाची मोळी पडण्याआधी प्रत्येकाने आपली जीप, ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांचे मागचे दिवे एकदा पाहून घ्यावेत. ट्रॉलीवरचे वाढे लोंबून दिवे आणि रिफ्लेक्टर झाकत नाहीत ना, तेही पाहावे. तो मुलगा आता बरा आहे, पुन्हा मोटारसायकल चालवतो. रस्त्यात भेटला की हात करतो. मी आधी आरशात पाहतो, मग हात करतो.

— ऊस विकास अधिकारी