चौगान ते पोलो

'चौगान' हा शब्द तुम्ही उर्दूच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकात वाचला असेल. चौगान म्हणजे टोकाला वाकवलेली काठी. घोड्यावर बसून अशा काठीने चेंडू मारण्याच्या खेळालाही चौगानच म्हणत. आज अशाच खेळाला पोलो म्हणतात.

डिसेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर 'पोलो' ही पाच भागांची माहितीपट मालिका आली. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात वेलिंग्टन नावाचे गाव आहे. तेथील मोठ्या स्पर्धेसाठी झटणारे व्यावसायिक खेळाडू तीत दिसतात. अर्जेंटिनाचे नामवंत खेळाडू आदोल्फो कांबियासो आणि त्यांचा मुलगा पोरोतो हेही त्यांत आहेत. ते मैदान आपल्यापासून फार दूर आहे. पण खेळ मात्र आपल्या ओळखीचा आहे.

सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० मध्ये लाहोरला चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. बादशहा अकबराला हा खेळ इतका आवडे, की तो अंधाऱ्या रात्रीही खेळे. त्यासाठी पळसाच्या लाकडाचा चेंडू पेटवत, कारण ते लाकूड बराच वेळ धुमसत राहते. मणिपूरमध्ये लोक लहान चणीच्या तट्टांवरून 'सागोल कांगजेई' खेळत. तो पाहून इंग्रज हा खेळ शिकले. १८५९ मध्ये आसामातील सिल्चर येथे पोलो क्लब निघाला आणि तेथून हा खेळ जगभर पसरला.

आपल्या मुंबईतही पोलोचे मैदान आहे. अंधेरी-बोरिवलीची मुले पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीने महालक्ष्मीला उतरू शकतात. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांना दादरला गाडी बदलावी लागेल. स्थानकाजवळच रेसकोर्स आहे. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या 'अमॅच्युअर रायडर्स क्लब'ने तेथे पोलोचे सामने भरवले आहेत.

आता खेळाचे नियम पाहू. प्रत्येक संघात चार स्वार असतात. सामन्याचा एक डाव सुमारे सात मिनिटांचा असतो. इंग्रजीत त्याला 'चकर' म्हणतात. तो आपलाच 'चक्कर' शब्द आहे! दर चक्करनंतर खेळाडू घोडा बदलतो, कारण एवढ्या धावपळीने घोडा दमतो. काठी उजव्या हातातच धरावी लागते. डावखुऱ्यालाही सूट नाही. चेंडू ज्या रेषेत जातो, त्या रेषेत धावणाऱ्या स्वाराचा हक्क पहिला. त्याला कोणी आडवे गेले, तर तो दोष ठरतो. हे नियम उगीच केलेले नाहीत. भरधाव घोडे एकमेकांवर आदळले, तर माणूस आणि जनावर दोघांचाही जीव जाऊ शकतो.

एका खेळाडूला अनेक घोडे लागतात. म्हणून हा श्रीमंतांचा खेळ समजला जातो. पण त्या घोड्यांना पहाटे चारापाणी कोण देतो? त्यांना खरारा कोण करतो? सामना संपल्यावर त्यांचे पाय कोण चोळतो? हे काम मोतद्दार करतो. उर्दूत आपण त्याला 'साईस' म्हणतो. चषक खेळाडूच्या हातात जातो, टाळ्याही त्यालाच मिळतात. मोतद्दार मात्र मैदानाच्या कडेला दुसऱ्या घोड्याचा लगाम धरून उभा असतो. त्याच्या मेहनतीशिवाय एकही सामना होणार नाही. कोणताही खेळ पाहताना अशा माणसांकडे तुमची नजर जायला हवी.

मित्रांनो, लगाम, जीन, नाल, चाबूक, मैदान हे शब्द पुन्हा एकदा वाचा. ते मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. तुमच्या 'रकाब'ला मराठीत 'रिकीब' म्हणतात, एवढाच फरक! मराठी आपल्याला अवघड वाटते, पण तिच्या घरात आपल्या ओळखीची किती माणसे बसली आहेत, पाहा.

स्वाध्याय
१. अकबर अंधारात चौगान कसा खेळत असे?
२. दर चक्करनंतर घोडा का बदलतात?
३. मोतद्दाराच्या कामाविषयी पाच वाक्ये लिहा.
४. मराठी व उर्दू या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द शोधून लिहा.