एका पेरातून नवी वेल



मित्राकडून मनीप्लांटचे एखादे पान आणून तुम्ही बाटलीत ठेवले असेल. ते पान कित्येक आठवडे हिरवे राहते, कधी मुळेही धरते. पण वेल काही वाढत नाही. असे का?

विज्ञानाच्या पुस्तकातले खोड आठवा. पान जिथे फुटते ते पेर आणि दोन पेरांमधला भाग म्हणजे कांडे. नवा फुटवा देणारा डोळा पेरावर असतो. नुसत्या पानाला डोळा नसतो, म्हणून वेल होत नाही.

मनीप्लांट मूळची प्रशांत महासागरातील मूरेआ बेटाची. तिला ऊब आणि दमट हवा मानवते. रायपूरच्या मे महिन्यातली कोरडी, चाळिशीपारची हवा नव्या कलमाला सोसत नाही. म्हणून जूनच्या मध्यानंतर, पाऊस सुरू झाल्यावर कलम करावे.

कृती अशी :

१. स्वच्छ कात्रीने पेराच्या खाली बोटभर अंतरावर वेल कापा. तुकड्याला दोन पेरे व एक-दोन पाने असावीत.

२. खालचे पान काढून ते पेर पाण्यात बुडवा. बाटली खिडकीजवळ उजेडात ठेवा; थेट ऊन किंवा कूलरचा झोत नको.

३. दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात. ती बोटभर झाली की तळाला भोक असलेल्या कुंडीत लावा. आपल्याकडची काळी कन्हार माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात; म्हणून तिच्यात वाळू व शेणखत मिसळा. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला.

आता सर्वांत महत्त्वाचे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. अंडी बाटलीच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. दर रविवारी बाटली आतून घासा, पाणी बदला. हे जमणार नसेल, तर कलम सरळ मातीत लावा. एका बाटलीतल्या निष्काळजीपणाने सारी बराक आजारी पडू शकते.

पालकांनीही लक्षात ठेवावे : या वेलीचा चीक तोंडात गेल्यास जळजळ व सूज येते. लहान मुले आणि पाळीव प्राण्यांपासून ती दूर ठेवावी.

स्वाध्याय : एका बाटलीत नुसते पान, दुसरीत पेरासह तुकडा ठेवा. दर रविवारी पाणी बदलताना दोन्हींची नोंद वहीत करा. दोन महिन्यांनी फरक आपल्या शिक्षकांना दाखवा.